पडद्यापर्यंतची वाट

आईच्या डाव्या डोळ्यात पहिले इंजेक्शन दिले ते २०१६ च्या श्रावणात. वाईहून पहाटेची एस.टी. धरून आम्ही पुण्याला पोचलो. नाव पुकारेपर्यंत दुपारचे दोन वाजले. तिचा मधुमेह तेव्हा वीस वर्षांचा जुना. डोळ्याच्या पडद्याला, तोही नेमक्या मधल्या भागात, सूज आली होती. समोरच्या माणसाचे कान दिसत, खांदे दिसत, चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. सुई डोळ्यात जाणार हे कळल्यावर आईने तिला सुचला तो सरळ प्रश्न विचारला, "थेंब घालून नाही का हो होणार?" डॉक्टर म्हणाले, "आजी, थेंब तिथवर पोचत नाहीत." बाहेर पन्नास-साठ माणसे ताटकळत होती. याहून अधिक सांगायला त्यांना सवड नव्हती आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

पण "तिथवर" म्हणजे कुठवर, हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे चोवीस मिलिमीटर, म्हणजे इंचभरही नाही. एवढेसे अंतर औषधाला का ओलांडता येऊ नये? मी डॉक्टर नव्हे, विज्ञानाचा पदवीधरही नव्हे. वाणिज्य शाखेत शिकलो आणि पतसंस्थेच्या खातेवह्या लिहिण्यात उमेदीची वर्षे गेली. आईच्या खेपांमध्ये वेटिंग हॉलच्या बाकावर बसून वाचायला लागलो, ते वाचन अजून चालू आहे. हा लेख त्यातून आलेला आहे.

आधी थेंबाचे पाहू. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण तीस ते पन्नास मायक्रोलिटरचा असतो. मिलिलिटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोलिटर. डोळ्यावर अश्रूंचा जो थर कायम असतो, तो जेमतेम सात-आठ मायक्रोलिटरचा. म्हणजे पळीभर पाण्याच्या जागेत आपण तांब्या ओततो. उरलेले गालावर ओघळते, पापण्यांच्या उघडझापीने बाहेर ढकलले जाते किंवा नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून नाकात उतरते. थेंब घातल्यावर थोड्या वेळाने घशात कडवट चव येते ती यामुळेच. डोळ्यात जे उरते त्याला बुबुळावरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, पार करायची असते. तिचा वरचा थर तेलकट पदार्थांना वाट देतो आणि पाण्यात विरघळणाऱ्यांना अडवतो. त्याखालचा जाड थर नेमका उलटा. दोन्ही दारांवर ओळख दाखवू शकेल असे औषध विरळा. एवढे करून डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात पोचते ते घातलेल्या औषधाच्या पाच टक्क्यांहूनही कमी. काचबिंदूच्या औषधाला तेवढे पुरते, कारण त्याचे काम तिथेच असते. पडद्याचे मात्र आणखी मागे आहे. पुढच्या कप्प्यातले पाणी सतत मागून पुढे वाहते, पावणेदोन तासांत जवळजवळ सगळे बदलते आणि बाहेर जाताना औषधालाही घेऊन जाते. या प्रवाहाच्या उलट जाऊन, भिंगाला वळसा घालून, पुढे पंधरा-सोळा मिलिमीटरचा घट्ट रस ओलांडायचा. डॉक्टरांचे उत्तर खरे होते.

मग गोळी का नको? पडद्याला रक्त तर भरपूर मिळते. अडचण रक्ताची नाही, भिंतीची आहे. पडद्यातल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की रक्तातली बहुतेक द्रव्ये त्या शिवणीतून आत जाऊच शकत नाहीत. पडद्याच्या मागच्या बाजूला रंगद्रव्याने भरलेल्या पेशींचा एकेरी थर आहे. तो दुसरा पहारेकरी. मेंदूभोवती असतो तसाच हा बंदोबस्त, आणि पडदा हा मेंदूचाच पुढे आलेला भाग असल्यामुळे त्यात नवल नाही. मधुमेहात हीच शिवण उसवते, रक्तातले पाणी पाझरते आणि सूज येते. पण उसवलेल्या शिवणीतून पाणी आले म्हणून औषधही पुरेसे येईल असे होत नाही. पोटातून ते पुरेशा प्रमाणात पोचवायचे, तर त्याचा भार साऱ्या शरीराने सोसायचा.

या अडचणीवर एक चतुर तोड काढली गेली होती. व्हर्टेपोर्फिन नावाचे द्रव्य दंडाच्या शिरेतून द्यायचे, ते रक्ताबरोबर सगळीकडे फिरते पण निष्क्रिय असते. मग डोळ्यात रोगट रक्तवाहिनीवर तेवढाच मंद लाल लेसर त्र्याऐंशी सेकंद धरायचा. प्रकाश पडेल तिथेच औषध जागे होते. अमेरिकेत २००० साली याला परवानगी मिळाली. वयोमानाने पडद्याखाली होणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या वाढीवर त्याने लगाम बसे; गेलेली नजर मात्र क्वचितच परत येई. कल्पना म्हणून मला हा उपाय फार आवडतो, पण त्याचा काळ लवकर सरला.

राहिली सुई. ती डोळ्यात कुठून घालायची याची जागा ठरलेली आहे. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर मागे, पांढऱ्या भागातून. याहून पुढे गेले तर भिंगाला इजा, मागे गेले तर पडद्याला. हे वाचताना मला सुश्रुतसंहितेतले उत्तरतंत्र आठवले. मोतीबिंदू बाजूला सारण्याची क्रिया सांगताना तिथे यववक्त्रा शलाका, म्हणजे जवाच्या टोकासारखे अग्र असलेली सळई, वापरायला सांगितले आहे. ती काळ्या भागापासून पांढऱ्याचे दोन भाग सोडून, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या बाजूने, शिरा चुकवून घालायची. आजच्या सुईची जागा याच टापूतली. यावरून प्राचीनांना सगळेच ठाऊक होते असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. त्यांनी आत औषध घातलेले नाही, गढूळ भिंग ढकलले. पण डोळ्याच्या भिंतीत निर्धोक फट नेमकी कुठे आहे हे हाताला कळलेले होते, हे खरे.

आत काही सोडण्यासाठी सुई वापरण्याची सुरुवात मात्र अलीकडची. १९११ मध्ये ओम या जर्मन नेत्रवैद्याने सुटलेला पडदा जागी बसवण्यासाठी डोळ्यात हवा सोडली. १९४० च्या दशकात डोळ्याच्या आत पू झाला असता पेनिसिलिन टोचले गेले. तरी ही क्रिया कित्येक वर्षे अपवादाचीच राहिली. तिला सराव मिळवून दिला तो एका भयंकर साथीने. एड्सच्या रुग्णांत सायटोमेगॅलो विषाणू पडदा अक्षरशः जाळत नेई आणि शिरेतून द्यायचे औषध रोज, आयुष्यभर घ्यावे लागे. १९९६ मध्ये गॅन्सिक्लोव्हिर भरलेली एक बारीकशी गोळी आली. ती शस्त्रक्रियेने डोळ्यात बसवायची आणि तिच्यातून पाच ते आठ महिने औषध झिरपत राही. त्याच सुमारास एड्सवर संयुक्त उपचार आले, हा विषाणू मागे हटला आणि त्या गोळीची गरजही ओसरली. पण डोळ्यात औषधाची कोठी ठेवता येते हे सिद्ध झाले होते.

मधुमेहाची सूज आणि वृद्धांच्या पडद्याखालची रक्तवाहिन्यांची वाढ, दोन्हींत एक प्रथिन गुन्हेगार निघाले. ऑक्सिजन कमी पडलेला पडदा स्वतःच असे काही द्रव्य सोडत असावा ज्याने नव्या वाहिन्या फुटतात, हा तर्क आयझॅक मायकेलसन यांनी १९४८ मध्ये मांडला होता. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेनेन्टेक कंपनीत ते प्रथिन वेगळे केले. त्याचे नाव व्हीईजीएफ. त्याला बांधून ठेवणारे बेव्हॅसिझुमॅब हे प्रतिपिंड २००४ मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी बाजारात आले. डोळ्यासाठी त्याच घराण्यातले धाकटे भावंड, रॅनिबिझुमॅब, तयार होत होते. पण ते येण्याआधी, २००५ मध्ये, मायामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी कर्करोगाचेच औषध थोडेसे डोळ्यात टोचून पाहिले. सूज उतरली. पुढची गोष्ट जगभरच्या डॉक्टरांनी आपापल्या दवाखान्यांत घडवली. कर्करोगाची चार मिलिलिटरची कुपी आणि डोळ्याला लागते ०.०५ मिलिलिटर, एका कुपीत कित्येक रुग्णांचे काम होते. अमेरिकेत एका मात्रेला रॅनिबिझुमॅब सुमारे दोन हजार डॉलरचे, तर वाटून घेतलेले बेव्हॅसिझुमॅब पन्नासेक डॉलरचे. सरकारी पैशातून तिथे दोहोंची तुलना झाली आणि २०११ मध्ये निकाल आला : नजरेच्या बाबतीत दोन्ही सारखीच. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बेव्हॅसिझुमॅब डोळ्यासाठी आवश्यक औषधांच्या यादीत घेतले.

वाटून घेण्यात धोकाही आहे. कुपी उघडणे, भरणे, साठवणे यांत कुठेही जंतू शिरला तर एका दिवशी अनेकांचे डोळे जाऊ शकतात. गुजरातेत अशी घटना घडल्यावर २०१६ च्या जानेवारीत आपल्या औषध नियंत्रकांनी डोळ्यातल्या वापराविरुद्ध इशारा काढला. नेत्रवैद्यांच्या संघटनांनी स्वस्त औषध गेले तर गरीब रुग्ण उपचाराबाहेर फेकले जातील असे पटवून दिल्यावर मार्चमध्ये तो मागे घेतला गेला. त्याच्या आदल्या वर्षी अहमदाबादच्या इंटास कंपनीने रॅनिबिझुमॅबची देशी आवृत्ती, रेझुमॅब, आणली होती. आईला मिळाले ते वाटून घेतलेलेच औषध.

इथे एक आकडा पुन्हा पाहावा. ०.०५ मिलिलिटर म्हणजे पन्नास मायक्रोलिटर. म्हणजेच बाटलीतून पडणारा एक मोठा थेंब. सुईने आत जातो तोही थेंबच! फरक फक्त तो कुठे पडतो याचा.

आत पडलेल्या थेंबाचे काय होते? डोळ्याची पोकळी सुमारे चार मिलिलिटर पारदर्शक, लिबलिबीत रसाने भरलेली असते. त्याला काचाभ द्रव म्हणतात. त्यात जवळजवळ सगळे पाणीच, पण कोलॅजनचे धागे आणि हायलुरॉनिक आम्ल यांनी त्याला आकार येतो. हे आम्ल १९३४ मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईच्या डोळ्यातल्या याच रसातून पहिल्यांदा वेगळे केले. आज ते चेहऱ्याच्या क्रीमच्या जाहिरातीत झळकते. या रसातून लहान रेणू पडद्याच्या भिंतीतून काही तासांत निसटतात. प्रतिपिंडासारखे मोठे रेणू त्या भिंतीतून जाऊ शकत नाहीत, ते हळूहळू पुढे सरकत पुढच्या कप्प्यातल्या पाण्याबरोबर बाहेर पडतात. म्हणून ते टिकतात. पण टिकतात म्हणजे साधारण आठवड्याभरात निम्मे उरतात. महिन्याने पुन्हा सुई का, याचे कारण हे.

आणि खरी अडचण सुईची नाही, महिन्याची आहे. सुई आईला फारशी दुखली नाही. बधिर करणारे थेंब, आयोडीन, क्षणभर दाब, संपले. जंतू शिरण्याचा धोका नीट काळजी घेतली तर हजारांत एकाहूनही कमी. पण प्रत्येक खेपेला दोन माणसांचा दिवस, भाडे, जेवण, माझी रजा. बाकावरच्या कित्येकांची रोजची मजुरी बुडे. चौथ्या-पाचव्या खेपेनंतर ओळखीचे चेहरे दिसेनासे होत. भारतात मधुमेही दहा कोटींच्या वर असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने २०२३ मध्ये दिला. त्यांतल्या थोड्यांना जरी पडद्याची सूज आली तरी महिन्याला सुई देणार किती हात? औषधाच्या चाचण्यांत जेवढी नजर सुधारते तेवढी प्रत्यक्षात सुधारत नाही, हे सगळ्या देशांत दिसते. त्याचे एक मोठे कारण प्रत्यक्षात इंजेक्शने कमी पडतात हे आहे. आमचेही तसेच झाले. २०१७ च्या पावसाळ्यात आई ओट्यावर घसरली, मांडीचे हाड मोडले आणि चार महिने ती घराबाहेर पडू शकली नाही. डावा डोळा त्या चार महिन्यांत गेला तो गेलाच.

म्हणून पडद्यापर्यंत औषध नेण्याच्या नव्या वाटांकडे मी एकच प्रश्न घेऊन पाहतो : दोन खेपांतले अंतर किती वाढते आणि त्याची किंमत डोळा कशी मोजतो?

सरळ मार्ग म्हणजे त्याच थेंबात जास्त औषध घालणे. ब्रोल्युसिझुमॅबचा रेणू इतका लहान की पन्नास मायक्रोलिटरमध्ये त्याचे पुष्कळ रेणू मावतात. २०१९ मध्ये ते आले आणि काही महिन्यांतच काही रुग्णांच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या सुजून बंद झाल्याच्या बातम्या आल्या. लांब पल्ल्याच्या हौसेला त्यामुळे चाप बसला. त्यानंतर २०२२ मध्ये फॅरिसिमॅब आले. ते व्हीईजीएफबरोबर आणखी एका प्रथिनालाही धरते. २०२३ मध्ये ॲफ्लिबर्सेप्टची चौपट मात्रा आली. या दोन्हींनी काही रुग्णांना चार-चार महिन्यांचा अवधी मिळतो. सगळ्यांना नाही.

दुसरा मार्ग कोठीचा. डेक्सामेथासोनची एक विरघळणारी काडी २००९ पासून मिळते. त्यात ०.७ मिलिग्रॅम औषध, आणि ज्या जातीच्या पदार्थापासून शस्त्रक्रियेचे विरघळणारे टाके बनतात त्याच जातीच्या पदार्थाचा सांगाडा. सुईवाटे डोळ्यात सोडली की ती तीनेक महिने विरघळत राहते, मागे काही उरत नाही. फ्लुओसिनोलोनची दुसरी एक न विरघळणारी नळी तीन वर्षे पुरते. पण दोन्ही स्टिरॉइडे. त्यांनी मोतीबिंदू लवकर येतो आणि काहींच्या डोळ्यातला दाब चढतो. मोतीबिंदू आधीच काढलेल्या म्हाताऱ्या माणसाला यातली निम्मी भीती उरत नाही, हा हिशेब डॉक्टर करतातच.

कोठीची सर्वांत धाडसी आवृत्ती अमेरिकेत २०२१ च्या ऑक्टोबरात मंजूर झाली. तांदळाच्या दाण्याहून किंचित मोठी टाकी डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत शस्त्रक्रियेने कायमची बसवायची. तिच्यात रॅनिबिझुमॅब भरलेले असते आणि ते झिरपत राहते. सहा महिन्यांनी टाकीच्या तोंडाशी असलेल्या बुचातून सुई घालून जुने काढायचे, नवे भरायचे. वर्षाला बाराच्या जागी दोन खेपा! वाचून मी हरखलो होतो. पण डोळ्यात पू होण्याचा धोका यात दरमहा इंजेक्शनांच्या तिप्पट निघाला. वर्षभरात ते बूच आत निसटण्याच्या तक्रारी आल्या म्हणून कंपनीने टाकी परत मागवली आणि सुधारून २०२४ मध्ये पुन्हा आणली. टाकीवरची त्वचा विरली तर ती उघडी पडते, तेव्हा कुणीतरी जाणत्याने ती वेळच्या वेळी पाहायला हवी. खेपा कमी होतात, पण जी होते ती चुकवून चालत नाही. आईसारखे चार महिने अंथरुणाला खिळलेले माणूस डोळ्यात अशी टाकी घेऊन वाईला बसले असते तर काय, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

तिसरी वाट मला सर्वांत सुबक वाटते. डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीच्या आत रक्तवाहिन्यांचा एक थर आहे आणि या दोहोंमध्ये एक सुप्त फट आहे. सुमारे एक मिलिमीटर लांबीची सुई भिंत ओलांडून नेमकी तिथे थांबली, की औषध पोकळीत न जाता त्या फटीतून भिंतीच्या कडेकडेने मागे पसरते, पडद्याच्या थेट पाठीशी. अटलांटातल्या दोन विद्यापीठांतून ही कल्पना वाढली आणि २०२१ मध्ये ट्रायॅम्सिनोलोन हे स्टिरॉइड या वाटेने द्यायला परवानगी मिळाली. खास सुई महाग. आपल्या उपखंडातल्या काही डॉक्टरांनी सलाइनच्या कॅन्युलाच्या नळीचा तुकडा साध्या सुईवर चढवून तेवढेच टोक उघडे ठेवण्याची युक्ती केली.

चौथी वाट जनुकांची. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर जनुक लादून पडद्याखाली सोडायचे. एका जन्मजात अंधत्वावर हा उपचार २०१७ पासून आहे. तेव्हा दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर होती. त्याच धर्तीवर डोळ्याच्या पेशींनाच व्हीईजीएफविरोधी औषध बनवायला शिकवायचे, म्हणजे जन्माची एकच सुई, अशा चाचण्या चालू आहेत. माझी शंका साधी आहे. हा कारखाना एकदा सुरू झाला की बंद कसा करायचा? २०२१ मध्ये अशा एका चाचणीत जास्त मात्रा दिलेल्या मधुमेही रुग्णांच्या डोळ्यात दाह झाला, दाब उतरला, आणि ती मात्रा मधुमेह्यांसाठी सोडून द्यावी लागली.

आणि थेंब? तोही कुणी टाकून दिलेला नाही. आइसलँड विद्यापीठात थॉर्स्टेन लॉफ्टसन आणि आयनार स्टेफान्सन यांनी सायक्लोडेक्स्ट्रिन हा साखरेच्या रेणूंचे कडे असलेला पदार्थ घेतला. कड्याची आतली बाजू तेलकट द्रव्याला धरते, बाहेरची पाण्यात विरघळते, म्हणजे दोन्ही दारांवरची ओळख एकाच्याच खिशात. त्यात बांधलेले डेक्सामेथासोन सूक्ष्म कणांच्या रूपाने अश्रूंत जास्त वेळ रेंगाळते आणि काही भाग पांढऱ्या भिंतीवाटे मागे पोचतो. मधुमेहाच्या सुजेसाठी ते माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत आले आहे. पण डेक्सामेथासोनचा रेणू चिमुकला, प्रतिपिंडाचा त्याच्या तीनशेपटींहून जड. तो अजून तरी थेंबातून जात नाही. आईला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी अगदीच चुकीचं नव्हते विचारलं."

उजवा डोळा राहिला आहे तो यांपैकी कशानेही नाही. प्रत्येक खेपेला पडद्याचा स्कॅन काढायचा. सूज नसेल तर पुढची तारीख दोन आठवडे लांबवायची, दिसली तर जवळ आणायची. हा स्कॅन, ओसीटी, १९९१ मध्ये एमआयटीच्या चमूने पहिल्यांदा जगापुढे आणला. तारीख लांबवायला औषध तेच जुने आणि सुईही तीच. चार आठवड्यांवरून सुरुवात झाली, मध्ये दोनदा मागे यावे लागले, आता दहा आठवड्यांवर आलो आहोत. पुढची तारीख मार्गशीर्षातली आहे. त्या दिवशीची एस.टी. आता साडेपाचऐवजी सहाला सुटते.